सौदीचे तीन फटके

२२ नोव्हेंबर २०२२, दुपारचे साडेतीन. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीच्या मुलखात हे दिवस धानाचे. बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा, कुठे रचलेले पुंजणे, मळणीची घाई, आणि रात्री कुठल्या तरी गावच्या मंडईत झाडीपट्टीचं नाटक. त्याच वेळी कतारमधल्या लुसैल स्टेडियमच्या घड्याळात एक वाजला होता आणि फुटबॉलच्या विश्वचषकात अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया समोरासमोर उभे होते. अर्जेंटिना सलग ३६ सामने हरलेली नव्हती. जागतिक क्रमवारीत ती तिसरी, सौदी एक्कावन्नावा. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला. मध्यंतरापूर्वी अर्जेंटिनाने आणखी तीनदा चेंडू जाळ्यात टाकला आणि तिन्ही वेळा ऑफसाइडचं निशाण वर गेलं.

मध्यंतरानंतर पाच मिनिटांच्या अंतराने सौदीचे दोन गोल झाले. ४८व्या मिनिटाला एक, ५३व्याला दुसरा. निकाल १-२. अर्जेंटिनाने गोलाकडे पंधरा फटके मारले होते. सौदीने अख्ख्या सामन्यात मारले तीन, आणि त्यातले दोन आत गेले.

खेळांचे आकडे सांभाळणाऱ्या ग्रेसनोट या कंपनीने सौदीच्या विजयाची शक्यता ८.७ टक्के धरली होती. तिच्या हिशेबाने विश्वचषकाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा उलटफेर. त्याआधीचा मान १९५० साली अमेरिकेने इंग्लंडला १-० हरवलं त्या सामन्याचा होता, आणि तिथे शक्यता ९.५ टक्के निघत होती. मला या दोन्ही आकड्यांचं नवल वाटतं ते वेगळ्याच कारणाने. विश्वचषकाला शंभर वर्षं होत आली, आणि त्यातला सर्वांत अशक्य निकाल म्हणजे साधारण बारातून एकदा घडणारी गोष्ट! लाखात एक नाही, हजारात एक नाही. बारात एक. फुटबॉलमध्ये ‘अशक्य’ इतकं जवळ का राहतं, हे एकदा समजून घ्यायलाच हवं.

सुरुवात बुद्धिबळापासून करावी लागते. आर्पाड एलो हे हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. बुद्धिबळ चांगलं खेळायचे. खेळाडूंची ताकद एका आकड्यात बसवण्याची रीत त्यांनी बसवली, ती अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली उचलली. रीत अशी की प्रत्येकाच्या नावावर काही गुण असतात. दोघांच्या गुणांतला फरक पाहून सामन्याआधीच ठरतं की कुणाकडून किती अपेक्षा. सामना झाला की अपेक्षा आणि निकाल यांत जेवढं अंतर पडलं, त्या प्रमाणात एकाच्या खात्यातून गुण काढून दुसऱ्याच्या खात्यात टाकायचे. अपेक्षेप्रमाणे झालं तर किरकोळ देवाणघेवाण. धक्का बसला तर मोठी. म्हणजे हे खातं आश्चर्याचं आहे, आणि ते आपोआप दुरुस्त होत जातं.

फिफाने २०१८ पासून देशांच्या क्रमवारीसाठी याच घराण्याचं सूत्र घेतलं. त्यात ६०० गुणांचा फरक असेल तर बलवान संघाकडून अकरापैकी दहा वाटे अपेक्षित असतात आणि दुबळ्याला एक वाटा. जिंकलं की १, बरोबरीला अर्धा, हरलं की शून्य, असा हिशेब. त्या दिवशी अर्जेंटिनाचे गुण होते सुमारे १७७४, सौदीचे सुमारे १४३८. फरक ३३६. सूत्रात घातलं की अर्जेंटिनाच्या वाट्याला ०.७८ येतात आणि सौदीला उरतात ०.२२. सौदीने ०.२२ च्या जागी पुरता १ मिळवला, म्हणजे ०.७८ इतकं आश्चर्य. विश्वचषकाच्या गटसाखळीत त्याला ५० ने गुणतात. म्हणून एका दुपारीत ३९ गुण ब्यूनोस आयर्सहून रियाधला गेले. मैत्रीपूर्ण सामन्यात हाच निकाल लागला असता तर ५० च्या जागी १० किंवा नुसते ५ धरले असते. दोस्तीखात्यातल्या खेळावर फिफाचाही फारसा भरवसा नाही, एवढंच यातून कळतं.

पण हे ०.२२ आलं कुठून? गुणांच्या फरकातून ते निघालं खरं, पण मैदानात त्याचा उगम कुठे? मेस्सीच्या पायात काही बिघाड नव्हता. सौदीचा संघ रातोरात बदलला नव्हता. उगम आहे तो गोलांच्या तुटवड्यात.

२०१४, २०१८ आणि २०२२ या तीन विश्वचषकांत प्रत्येकी ६४ सामने झाले. गोल झाले अनुक्रमे १७१, १६९ आणि १७२. स्पर्धेचे देश वेगळे, संघ वेगळे, हवामान वेगळं, तरी आकडा जवळपास जागचा हलत नाही. सामन्याला सरासरी २.६७ गोल. नव्वद मिनिटं बावीस माणसं धावतात आणि हाती लागतं एवढंच.

जी गोष्ट क्वचित घडते, पण घडायला संधी पुष्कळ असतात, तिचं गणित फ्रेंच गणिती सिमेओं पॉयसाँ यांनी १८३७ साली मांडलं. त्यांच्यापुढे प्रश्न न्यायालयांतल्या निकालांचा होता, फुटबॉलचा नव्हे. आजच्या नियमांचा फुटबॉल तेव्हा जन्मलाही नव्हता. पुढे १८९८ मध्ये लाडिस्लाउस फॉन बोर्टकिविच या अर्थशास्त्रज्ञाने ते गणित एका विचित्र यादीला लावून पाहिलं. प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांची ती यादी! दहा तुकड्या, वीस वर्षं, म्हणजे दोनशे नोंदी. एकूण मृत्यू १२२, म्हणजे एका तुकडीला वर्षाला सरासरी ०.६१. ही एवढी एकच सरासरी पॉयसाँच्या सूत्राला दिली, तर सूत्र म्हणतं की १०९ नोंदींत एकही मृत्यू नसावा, ६६ मध्ये एक, २० मध्ये दोन, ४ मध्ये तीन. प्रत्यक्ष यादीत होते १०९, ६५, २२, ३, आणि एका अभागी तुकडीत एका वर्षात चार. कुणाचा घोडा कधी उधळेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पण सगळ्या घोड्यांची मिळून वीस वर्षांची वागणूक मात्र कागदावर आधीच लिहून ठेवता आली असती.

आता हेच विश्वचषकाला लावून बघा. सरासरी २.६७ असेल तर सूत्राप्रमाणे शंभरात सातेक सामने गोलाविना सुटायला हवेत. तीन स्पर्धांचे १९२ सामने धरले तर १३. प्रत्यक्षात २०१४ मध्ये गोलशून्य सामने सात झाले. २०१८ मध्ये फक्त एक, फ्रान्स आणि डेन्मार्कचा. २०२२ मध्ये पुन्हा सात. बेरीज पंधरा. एकेक स्पर्धा पाहिली तर हा लहरी कारभार वाटतो. २०१८ नंतर कुणी म्हणालं असतं की बचावाचे दिवस संपले, २०२२ नंतर कुणी म्हणालं असतं की परत आले. असे लेख लिहिलेही जातात. तिन्ही एकत्र केल्या की लहर विरघळते आणि पॉयसाँचा जुना आकडा हसत पुढे येतो.

तर मग अर्जेंटिना आणि सौदीचा सामना सुरू होण्याआधीचं चित्र आपणच काढू. फार काही लागत नाही, एक वही पुरते. दोन्ही संघांचे मिळून अपेक्षित गोल २.७ धरले, कारण विश्वचषक तेवढेच देतो. त्यांची वाटणी अशी करायची की ती फिफाच्या ०.२२ शी जुळावी. ती निघते अर्जेंटिनाला २.० आणि सौदीला ०.७. आता प्रत्येक संघ शून्य, एक, दोन, तीन गोल किती वेळा करेल ते पॉयसाँच्या सूत्राने काढायचं आणि आडव्या-उभ्या चौकटीत गुणाकार मांडायचे. अर्जेंटिनाच्या पाटीवर शून्य राहण्याची शक्यता साडेतेरा टक्के येते. सौदीच्या पाटीवर दोन गोल लागण्याची बारा टक्के. अशा सगळ्या चौकोनांच्या बेरजा केल्या की अर्जेंटिनाचा विजय ६८ टक्के, बरोबरी २० टक्के, सौदीचा विजय १२ टक्के. बारा आणि विसाचे निम्मे दहा, म्हणजे बावीस. वाटणी त्या बेतानेच केली होती, त्यामुळे बेरीज जुळली यात नवल नाही. नवल बारामध्ये आहे. प्रतिस्पर्ध्याच्या जवळपास तिप्पट ताकदीचा संघ असूनही आठातून एकदा तो हरतो.

आणखी एक गंमत त्याच चौकटीत दिसते. सर्वांत संभाव्य स्कोअर कोणता? १-० आणि २-० हे दोन बरोबरीने पुढे आहेत, आणि प्रत्येकाची शक्यता साडेतेरा टक्के. याचा अर्थ, जगातला सर्वांत हुशार माणूससुद्धा नेमका स्कोअर सांगायला बसला तर सातातून सहा वेळा चुकणार. कट्ट्यावर ‘बघ, दोन-शून्य होते’ असं ठासून सांगणारा मित्र एखाद्या वेळी बरोबर निघाला, तर त्याला चहा जरूर पाजावा. पुढच्या सामन्याचा स्कोअर मात्र त्याला विचारू नये.

आता तीच वही घेऊन गोलांची संख्या दहापट करू. ताकदीचं प्रमाण तेच ठेवू. एकाचे सरासरी वीस, दुसऱ्याचे सात, कबड्डीच्या पाटीवर शोभतील असे आकडे. दुबळा संघ किती वेळा जिंकेल? हजारातून जेमतेम तीन-चार वेळा! संघ तेच, अंतर तेच, फक्त मोजायची नाणी जास्त झाली आणि आठातला एक विरून गेला. नशीब कबड्डीतही असतं, पण तिथे ते चाळीस चढायांत वाटलं जातं आणि एकमेकांना खोडून काढतं. फुटबॉलमध्ये नशिबाला दोन-तीनच क्षण मिळतात, आणि त्यातल्या एकात ते बाजी मारून जातं. जगातला सर्वाधिक पाहिला जाणारा खेळ हाच का, याचं उत्तर मला या दोन आकड्यांत सापडतं. आठातून एक, आणि हजारातून तीन-चार.

अर्थात पॉयसाँचं सूत्र जसंच्या तसं फुटबॉलला बसत नाही. घोड्याने मारलेल्या लाथेची खबर दुसऱ्या घोड्याला नसते. गोलाची खबर मात्र मैदानावरच्या प्रत्येकाला असते. ८ जुलै २०१४ ला बेलो होरिझोंतेमध्ये जर्मनीने ब्राझीलला ७-१ असं हरवलं, तेव्हा त्यातले चार गोल २३व्या ते २९व्या मिनिटात झाले. तिथे एका गोलाने पुढच्याला दार उघडून दिलं होतं. उलट १-१ असताना दोन्ही संघ कधीकधी सबुरीने घेतात. म्हणून १९८२ मध्ये माहेर नावाच्या अभ्यासकाने प्रत्येक संघाला चढाईचा एक आणि बचावाचा एक असे वेगळे आकडे दिले. १९९७ मध्ये मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी कमी गोलांच्या निकालांची दुरुस्ती केली आणि जुन्या सामन्यांचं वजन हळूहळू उतरवत नेलं. आजची बहुतेक भाकितं या दोघांच्या अंगणातूनच पुढे गेली आहेत.

त्यानंतरची मोठी उडी म्हणजे गोल मोजण्याऐवजी संधी मोजणं. त्याचं मूळही जुनं आहे. चार्ल्स रीप नावाच्या इंग्रज हिशेबनिसाने मार्च १९५० मध्ये स्विंडनच्या एका सामन्यात वही उघडली, आणि पुढे कितीतरी वर्षं प्रेक्षकांत बसून तो पास आणि फटके टिपत राहिला. दहाएक फटक्यांमागे एक गोल, हे प्रमाण त्याला पुन्हा पुन्हा दिसलं. आज हे काम कॅमेरे करतात. फटका किती अंतरावरून, कोणत्या कोनातून, डोक्याने की पायाने, समोर किती जण, हे पाहून त्या जागेवरून मारलेल्या पूर्वीच्या हजारो फटक्यांपैकी किती आत गेले ते काढतात. पेनल्टी म्हणजे पाऊण गोल, लांबून मारलेला आशाळभूत फटका म्हणजे दोन-तीन शतांश गोल. सगळ्यांची बेरीज म्हणजे अपेक्षित गोल. सौदीच्या तीन फटक्यांची बेरीज एका गोलाच्याही खूप खाली राहते. म्हणूनच पुढच्या सामन्याचा अंदाज करणारे १-२ या निकालाने फार हलले नाहीत. अर्जेंटिना दुबळी झाल्याची खूण त्या पंधरा फटक्यांत नव्हती. १८ डिसेंबरला त्याच लुसैलमध्ये फ्रान्सशी ३-३ झाल्यावर पेनल्टींवर ४-२ असा चषक तिने उचलला.

मात्र चषक उचलणारा संघ सर्वांत चांगला असतोच असंही नाही. समजा एखादा संघ इतका भारी आहे की बाद फेरीतल्या कुठल्याही सामन्यात तो दहातून सात वेळा पुढे जाईल. असे चार सामने सलग जिंकण्याची शक्यता येते २४ टक्के. २०२६ पासून ४८ संघ आणि बाद फेरीचे पाच सामने झाल्यावर ती १७ टक्क्यांवर उतरते. म्हणजे निर्विवाद पहिला संघसुद्धा सहातून पाच वेळा रिकाम्या हाताने घरी जाणार. ‘यंदा कोण जिंकणार’ या प्रश्नाला गणिताचं खरं उत्तर बहुतेकदा असतं, ‘तुम्ही जो म्हणताय, तो नाही.’

या सगळ्या खटाटोपापेक्षा आठ पायांचा एक प्राणी बरा, असं २०१० मध्ये जगाला वाटलं होतं. जर्मनीत ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातला पॉल नावाचा ऑक्टोपस. त्याच्यापुढे दोन डबे ठेवत, दोन्हींत खाऊ, दोन्हींवर झेंडे. ज्या डब्यातला खाऊ तो आधी घेई, तो देश जिंकणार. जर्मनीचे सात सामने आणि स्पेनने जिंकलेली अंतिम लढत, आठही अचूक. नाणं उडवून आठही बरोबर येण्याची शक्यता २५६ मध्ये एक. ऐकायला अद्भुत आहेच. पण त्या महिन्यात जगभर पोपटांपासून मगरींपर्यंत किती प्राण्यांना कामाला लावलं होतं, त्यांतल्या चुकलेल्यांची नावं कुणालाच आठवत नाहीत. २५६ प्राणी असतील तर सरासरीने एक पॉल निघतो. शिवाय दोन वर्षं आधीच्या युरो स्पर्धेत याच पॉलचे सहापैकी दोन अंदाज फसले होते.

भाकीत तपासायचं कसं, याचा धडा मराठी मुलखातच गिरवला गेला आहे, आणि तो फुटबॉलवाल्यांनीही वाचावा असा आहे. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र मिसळल्या. त्यातल्या चाळीस-चाळीस कुंडल्या ज्योतिषांना पाठवल्या. मूल हुशार की मतिमंद, एवढंच सांगायचं. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरं आली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाण्याने पन्नास दिली असती. या चाचणीतली शिस्त पाहण्याजोगी आहे. प्रश्न आधी ठरला, बरोबर म्हणजे काय ते आधी ठरलं, आणि सगळ्यांची उत्तरं मोजली गेली, एका पॉलची नव्हे.

फुटबॉलच्या भाकितांना ही शिस्त थोडी वेगळ्या रूपात लावतात, आणि ते रूप हवामानखात्याच्या विद्येतून आलं आहे. केशोरीकडच्या शेतकऱ्याला त्याचा परिचय आहे. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा गोंदिया जिल्ह्यासाठी पिवळा किंवा नारिंगी इशारा आला, की कडपा उचलायच्या की पडू द्यायच्या हे त्याला ठरवावं लागतं. इशारा एकदा फसला म्हणून केंद्र खोटं ठरत नाही. ‘सत्तर टक्के’ असं ज्या दिवसांना म्हटलं, त्या सगळ्या दिवसांत मिळून सत्तर टक्के वेळा पाऊस पडला का, हा खरा प्रश्न. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये त्यासाठी दंडाचं एक माप सुचवलं. सांगितलेली शक्यता आणि घडलेली गोष्ट यांतल्या फरकाचा वर्ग करायचा. ठाम बोलून चुकला तर दंड मोठा, चाचपडत चुकला तर लहान. सौदी जिंकणार हे ८.७ टक्के म्हणणाऱ्याला त्या दिवशी दंड बसला ०.८३, शून्य टक्के म्हणणाऱ्याला पुरता १. त्या दिवशी फार फरक पडला नाही. पण असे शंभर सामने मोजले, की ‘शून्य’ म्हणणारा कर्जबाजारी होतो.

या परीक्षेत आजवर सातत्याने वर राहिले आहेत ते सट्टेबाजांचे भाव, हे जरा ओशाळवाणं सत्य आहे. बुकी एका रुपयाला चार देतो, म्हणजे तो शक्यता पंचवीस टक्के धरतो. तीनही निकालांच्या अशा शक्यतांची बेरीज शंभराच्या वर जाते, आणि वरची रक्कम त्याची कमाई. आपल्याकडे हा धंदा बेकायदा आहे आणि त्यात घरं बुडतात, त्यामुळे त्याच्या वाटेला जाऊ नये. पण हजारो लोकांनी खिशातले पैसे लावून सांगितलेलं मत एकट्या पंडिताच्या मतापेक्षा बरं निघतं, यात अभ्यासासारखं पुष्कळ आहे.

इथवरची सगळी यंत्रं एका गोष्टीवर उभी आहेत. संघाला भूतकाळ हवा. ज्या संघाने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नाही, त्याचं काय? हा प्रश्न केशोरीला शेजारचाच आहे. इटियाडोह धरणाच्या बाजूला, गोठणगाव-प्रतापगडच्या जंगलालगत नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ मध्ये ती वसली, तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. म्हणून तिबेटी कागदपत्रांत ती आजही ‘भंडारा’ याच नावाने ओळखली जाते. भारतातल्या तिबेटी वसाहतींत फुटबॉलचं वेड जुनं आहे. दलाई लामांच्या आईच्या स्मरणार्थ १९८१ मध्ये सुरू झालेला ग्याल्युम चेन्मो सुवर्णचषक वसाहती-वसाहतींच्या संघांत खेळला जातो. पण तिबेट फिफाचा सदस्य नाही. त्याच्या खात्यात १७७४ नाहीत, १४३८ नाहीत. खातंच नाही.

मायकल नायब्रांट या डॅनिश तरुणाने खटपट करून भारत आणि नेपाळमधल्या वसाहतींतून तिबेटचा संघ उभा केला, आणि ३० जून २००१ ला कोपनहेगनमध्ये तो ग्रीनलंडशी खेळला. ग्रीनलंडही फिफाच्या बाहेरच. सामन्याच्या आदल्या दिवशी कुणी भाकीत मागितलं असतं, तर गणिताने काय सांगितलं असतं? अशा वेळी ते सरासरीचा आधार घेतं. दोन्ही संघ मध्यम समजायचे, दोघांचे मिळून अडीच-तीन गोल धरायचे, आणि मग तुटपुंजी माहिती चिमटीने टाकायची. ग्रीनलंडचा संघ एकमेकांसोबत खेळलेला होता आणि त्याच्याकडे सेप पिओंटेक होते, म्हणजे ज्यांनी डेन्मार्कला १९८६च्या विश्वचषकात नेलं ते प्रशिक्षक. एवढ्यावरून पारडं ग्रीनलंडकडे झुकवता आलं असतं. किती झुकवायचं, ते मात्र ज्याच्या त्याच्या अंदाजावर.

ग्रीनलंडने तो सामना ४-१ असा जिंकला. तिबेटच्या नावापुढे पहिला आकडा लागला, एक गोल. एका सामन्यात एक गोल केलेल्या संघाची खरी सरासरी किती असेल, असं पॉयसाँच्या सूत्राला उलट्या बाजूने विचारलं, तर नव्वद टक्के खात्रीने ते म्हणतं की ०.०५ आणि ४.७ यांच्या मधे कुठेतरी. एका टोकाला वीस सामन्यांतून एखादा गोल करणारा संघ, दुसऱ्या टोकाला १९३८च्या विश्वचषकातल्या अख्ख्या सामन्याइतके गोल एकट्याने करणारा. २००६ मध्ये तिबेट हॅम्बुर्गच्या स्पर्धेत खेळला, २०१८ मध्ये लंडनला फिफाबाहेरच्या संघांच्या विश्वचषकात. दर सामन्यागणिक ती दोन टोकं थोडी थोडी जवळ येत गेली.